फाटकाची किंमत : लोकांचे एल्क, खासगी जमीन आणि शिकारीचे खास परवाने



न्याय या विषयावर बोलताना आम्ही तत्त्वज्ञानाची माणसे बहुधा जमिनीपासून दोन हात वरूनच चालतो. ॲरिस्टॉटल झाला, लॉक झाला, रॉल्स झाला. श्रोते माना डोलावतात, चहा घेतात आणि घरी जातात. आज थोडे उलट करू. एक छोटा कायदा समोर ठेवू आणि आपल्या मोठमोठ्या कल्पना त्याच्या कलमांवर घासून बघू. त्या टिकतात का ते कळेल, आणि कायदा टिकतो का तेही कळेल.

कायदा अमेरिकेतल्या मोंटाना राज्याचा आहे. 2001 साली तिथल्या विधिमंडळात 454 क्रमांकाचे विधेयक मंजूर झाले, म्हणून त्याखालच्या करारांना लोक आजही '454 करार' म्हणतात. व्यवहार वरवर अगदी सोपा. ज्याच्याकडे किमान 640 एकर, म्हणजे एक चौरस मैल, सलग जमीन आहे आणि त्या जमिनीवर एल्क येतात, त्या मालकाने सामान्य शिकाऱ्यांना आपल्या जमिनीवर फुकट येऊ द्यायचे. त्याबदल्यात राज्य त्याला एल्कच्या शिकारीचा खास परवाना देते. एरवी हा परवाना सोडतीतून मिळतो, आणि चांगल्या भागातल्या परवान्यासाठी माणसे वर्षानुवर्षे अर्ज करत राहतात. मालकाला मात्र सोडतीत उभे राहावे लागत नाही. आधी एका परवान्यामागे चार शिकाऱ्यांना प्रवेश द्यावा लागे. 2021 साली ते प्रमाण तीनवर आले, आणि त्या तिघांपैकी एक जण मालकाला स्वतः निवडता येऊ लागला.

हा व्यवहार न्याय्य आहे का? आजचा प्रश्न एवढाच.

'शिकार' हा शब्द ऐकताच आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी उमटली असेल. साहजिक आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हटले की गुन्हाच आठवतो. मोंटानात परिस्थिती वेगळी आहे. तिथे शरद ऋतूतला शिकारीचा हंगाम हा शाळामास्तरापासून प्लंबरपर्यंत सर्वांच्या वर्षाचा भाग असतो आणि अनेक घरांत हिवाळाभर पुरणारे मांस त्यातूनच येते. शिकार असावी की नसावी, हा मोठा प्रश्न आज बाजूला ठेवू. ती आहे, कायदेशीर आहे, आणि मर्यादित आहे. मग जे थोडे आहे ते कसे वाटायचे, हा आपला प्रश्न.

आधी जनावराची ओळख करून घेऊ. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातले, पण सांबराहून थोराड हरीण. पूर्ण वाढलेला नर 300 किलोच्या घरात जातो. उन्हाळ्यात कळप डोंगरावर असतात, थंडी पडली की खाली उतरतात. आणि खाली काय असते? खाली खासगी जमीन असते. मोंटानाची जवळपास दोन-तृतीयांश जमीन खासगी मालकीची आहे. नदीकाठची, ओलिताची, गवताची जमीन तर बहुतेक खासगीच. शिवाय सरकारी जंगलात बंदुका वाजू लागल्या की एल्क जिथे माणसे कमी तिथे सरकतात. बंद फाटकामागची मोठी रँच ही त्यांच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित जागा. हंगाम सुरू होतो तेव्हा शिकारी डोंगरात असतात आणि कळप फाटकामागे!

आता कायद्याच्या दृष्टीने हे जनावर कुणाचे? रोमन कायदा म्हणत असे की रानटी जनावर कुणाचेच नाही. जो पकडेल त्याचे. मालक तुम्हाला आपल्या शेतात येण्यापासून अडवू शकतो, पण त्याच्या शेतात आलेले हरीण केवळ तेवढ्याने त्याचे होत नाही. लॉकनेही हरणाचेच उदाहरण घेतले आहे : ज्याने ते मारले, ज्याने श्रम केले, त्याचे ते. इंग्लंडने मात्र दुसरा रस्ता धरला. 1671 च्या गेम ॲक्टने शिकारीचा हक्क जमिनीच्या उत्पन्नाशी बांधला. वर्षाला 100 पौंडांचे उत्पन्न देणारी स्वतःची जमीन हवी. ज्याला तेवढी जमीन नाही त्याने स्वतःच्या वावरातला ससासुद्धा मारायचा नाही. ही अट थेट 1831 पर्यंत टिकली.

अमेरिकेत गेलेल्या माणसांना या इतिहासाची चीड होती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1842 मध्ये न्यू जर्सीच्या कालवांच्या खाजणावरच्या वादात असा विचार मांडला की राजाकडे जे लोकांसाठी विश्वस्त म्हणून होते ते आता राज्याकडे आले आहे. 1896 च्या निकालात हेच तत्त्व शिकारीच्या पक्ष्यांना लावले गेले. पुढे 1979 मध्ये 'राज्य हेच मालक' ही भाषा न्यायालयाने मागे घेतली, पण राज्याने वन्यजीव लोकांसाठी सांभाळायचे, हा विश्वस्तपणाचा विचार अमेरिकी वन्यजीव व्यवस्थेचा पाया म्हणून राहिला. मोंटानाच्या मतदारांनी 2004 साली राज्यघटनेत एक कलमही घालून घेतले. त्याचा आशय असा की शिकार आणि मासेमारीची संधी हा नागरिकांचा कायमचा वारसा आहे. आणि त्याच वाक्यात पुढे असे की यामुळे कुणाच्या खासगी जमिनीत घुसण्याचा हक्क मिळत नाही.

बघा, एकाच वाक्यात दोन गोष्टी आहेत. जनावर लोकांचे. फाटक मालकाचे. 454 करार हे या दोहोंच्या मधल्या फटीत उगवलेले झाड आहे.

आता जमीनमालकाची बाजू आपण प्रामाणिकपणे ऐकू. ती हलकी नाही. एल्कचा कळप थंडीत खाली उतरला की गुरांसाठी रचलेल्या गवताच्या गंजीवर तुटून पडतो. कुंपणाच्या तारा तुटतात. वसंतातले कोवळे गवत गुरांच्या आधी एल्कच खातात. 1940 साली मोंटानाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे असा एक खटला आला होता. एका मालकाने हंगाम नसताना आपल्या रानात नुकसान करणारा एल्क मारला होता. न्यायालयाने मालमत्ता वाचवण्याचा हक्क मानला, पण इतर सारे उपाय थकल्यानंतरच. आणि हेही बजावले की अशा राज्यात जमीन घेणाऱ्याने वन्यप्राण्यांकडून थोडेफार नुकसान होणार हे गृहीत धरले पाहिजे. मालक यावर म्हणतो, 'ठीक आहे. जनावर तुमचं, पण त्याला चारतो मी. वर तुमचे शिकारी माझ्या रस्त्याने येणार, फाटक उघडं टाकून जाणार, माझी गुरं बिथरणार. आणि मला स्वतःच्या रानात एक एल्क मारायचा तर मी सोडतीत नाव टाकून दहा वर्षं वाट बघायची? हा कुठला न्याय?'

या बोलण्यात तथ्य आहे. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या पाचव्या प्रकरणात न्यायाचे दोन प्रकार वेगळे केलेले आहेत. एक वाटपाचा न्याय : सामाईक वस्तू कुणाला किती. दुसरा दुरुस्तीचा न्याय : एकाच्या पदरात तोटा पडला असेल तर तो भरून काढणे. मालकाची तक्रार दुसऱ्या प्रकारात मोडते. लोकांच्या जनावराचे ओझे तो उचलतो. लोकांनी त्याची भरपाई केली पाहिजे. याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही.

आमचा आक्षेप पुढच्या पायरीवर आहे. भरपाई कशाने करायची?

मोंटानात या प्रश्नाचे दुसरे एक उत्तर फार आधीपासून आहे. 1985 पासून तिथे 'ब्लॉक मॅनेजमेंट' नावाची योजना चालते. मालक आपली जमीन शिकाऱ्यांना खुली करतो. किती शिकारी किती दिवस आले त्याच्या हिशोबाने राज्य त्याला पैसे देते. हे पैसे मुख्यत्वे परवान्यांच्या शुल्कातून येतात. म्हणजे शिकाऱ्यांनी वर्गणी काढली आणि ज्याच्या अंगणात उतरले त्याला अंगण वापरल्याचे दिले. स्वच्छ व्यवहार. कुणी किती दिले, कुणाला किती मिळाले, वहीत दिसते.

454 करारात राज्य पैसे देत नाही. ते रांगेतली जागा देते. ही रांग काय आहे ते नीट पाहू. मिसूरी नदीच्या 'ब्रेक्स' नावाच्या कड्याकपारींच्या भागातल्या मोठ्या नर एल्कचे परवाने मोजके असतात आणि अर्ज कितीतरी पट. म्हणून सोडत. आपल्याला म्हाडाची सोडत माहीत आहे, तसेच समजा. ज्याचे नाव निघत नाही त्याला दरवर्षी गुण मिळवता येतो, आणि त्या गुणांचा वर्ग करून तितक्या जादा चिठ्ठ्या पुढच्या सोडतीत टाकल्या जातात. पाच गुण म्हणजे पंचवीस जादा चिठ्ठ्या. जो जास्त वर्षे थांबला त्याची शक्यता जास्त. या सोडतीत अब्जाधीशाला जी एक चिठ्ठी तीच पेट्रोल पंपावरच्या कामगाराला. जमीनमालकांसाठी यातही सोय आहेच. 640 एकरांची अट पुरी करणाऱ्यांसाठी परवान्यांपैकी 15 टक्के बाजूला काढून त्यांची वेगळी, छोटी सोडत होते. तरीही ती सोडतच. नाव निघेल किंवा निघणार नाही.

सोडतीचे नैतिक मोल काय? जनावर खरोखर 'लोकांचे' आहे हे दिसण्याची ती एकमेव जागा आहे. घटनेत कितीही लिहा, विश्वस्तपणाचे निकाल कितीही द्या. सामान्य माणसाच्या हातात त्यातले काय येते? वर्षातून एक अर्ज आणि एक समान चिठ्ठी. तेवढेच. तेव्हा राज्य जेव्हा मालकाला रांगेबाहेरून परवाना देते, तेव्हा ते स्वतःच्या खिशातले काही देत नसते. रांगेत उभे असलेल्यांच्या समानतेतून ते दिले जाते. आणि ज्यांच्याकडून घेतले त्यांना कुणी विचारलेले नसते.

इथे कुणी म्हणेल, 'अहो, हा परवाना ठरलेल्या संख्येतून काढला नाही, वरून जादा दिला, तर कुणाचे काय गेले?' परवाने वाढवता येतात, कळप वाढवता येत नाही. कळपातून आणखी एक नर मारणे परवडत असेल, तर तो एक परवाना सोडतीतही टाकता आला असता. जादाचा म्हणून दिलेला परवानाही त्याच एका हंड्यातून भरलेला असतो.

यापेक्षा जड आक्षेप अर्थशास्त्रवाले घेतात. ते म्हणतात, 'करार झाला तर मालकाला एक परवाना, तिघा शिकाऱ्यांना प्रवेश. नाही झाला तर मालकाला काही नाही, तिघांनाही काही नाही. सर्वांचा फायदा, कुणाचाच तोटा नाही. मग तुमची तक्रार म्हणजे निव्वळ असूया.' हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. रॉल्सचा आधारही कुणी घेईल : विषमता जर सर्वांत मागे उभ्या असलेल्याच्याही हिताची असेल तर ती चालते.

आता या युक्तिवादाचा पाया बघू. 'सर्वांचा फायदा' हे वाक्य कशाच्या तुलनेत खरे आहे? बंद फाटकाच्या तुलनेत. सुरुवात म्हणून बंद फाटक धरले, तर उघडलेले फाटक हा उपकार ठरतो. पण मोंटानात बंद फाटक ही काही निसर्गाची देणगी नव्हे. अनेक ठिकाणी दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत शिकारी दारावर टकटक करून परवानगी विचारत आणि शेजारी म्हणून त्यांना ती मिळे. पुढे जमिनी विकल्या गेल्या, शिकारीच्या सहली विकणारे व्यावसायिक भाड्याने रँच घेऊ लागले, बाहेरच्या श्रीमंतांनी मोठमोठे तुकडे घेतले, आणि फाटके लागली. त्याच्याही मागे गेलो तर या सगळ्या जमिनीवर क्रो, ब्लॅकफीट अशी आदिवासी राष्ट्रे शिकार करीत होती. क्रो लोकांनी 1868 च्या तहात मोकळ्या जमिनीवरचा शिकारीचा हक्क राखून ठेवला होता. तो अजून जिवंत आहे, शेजारचे वायोमिंग राज्य झाले म्हणून मेला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला 2019 साली सांगावे लागले. आणि तोही खटला एल्कच्याच शिकारीतून निघाला होता. तेव्हा तुलनेची सुरुवात कुठून धरायची, हे ठरवतो कोण? ज्याच्या हातात कुलपाची किल्ली आहे तो. आणि हिशोबाची पहिली ओळ ज्याने लिहिली, त्याच्या वहीत तोटा कधी निघतच नाही.

मालकाच्या बाजूचा तत्त्वज्ञ यावर थांबणार नाही, थांबूही नये. तो म्हणेल, 'कुलूप लावणे हा त्याचा हक्क आहे. जे देण्याचे बंधन नाही ते न देणे म्हणजे धमकी नव्हे.' बरोबर आहे. जमीन त्याची आहे, तो तिची किंमत मागू शकतो. पण तो नेमकी कशाची किंमत मागतो आहे? कल्पना करा की उद्या सगळे एल्क त्या रँचवरून निघून गेले. जमीन तीच, रस्ता तोच, फाटक तेच. फाटकापाशी कोण येऊन उभे राहील? चिटपाखरूही नाही. म्हणजे फाटकाच्या किमतीचे दोन भाग आहेत. एक भाग मालकाच्या वस्तूंचा : रस्ता, कुंपण, खाल्लेले गवत, शिकाऱ्यांमुळे होणारा त्रास. तो त्याला मिळालाच पाहिजे. दुसरा भाग फाटकामागे उभ्या असलेल्या जनावरांचा आहे. आणि ती जनावरे, कायदा सांगतो त्याप्रमाणे, त्याची नाहीत. ब्लॉक मॅनेजमेंट पहिला भाग देते. 454 करार, आमच्या मते, दुसरा भागही देतो, आणि तोही त्याच जनावरांच्या रूपात. लोकांच्याच वस्तूने लोकांच्याच वस्तूपर्यंतची वाट विकत घ्यायची, असा हा प्रकार आहे.

याची एक सोपी परीक्षा आहे. परवाना ओझ्याप्रमाणे मिळतो, की फाटक बंद करण्याच्या ताकदीप्रमाणे? दोन मालक डोळ्यांसमोर आणा. पहिल्याची जमीन 500 एकर. हिवाळाभर 60 एल्क त्याच्या गंजीवर असतात. बापाच्या काळापासून तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकारीला येऊ देतो. कधी कुलूप लावले नाही. दुसऱ्याची जमीन 30,000 एकर. एल्क येतात, पण त्याची उपजीविका गवतावर अवलंबून नाही. रँच त्याने विरंगुळ्यासाठी घेतली आहे, आणि घेतल्याबरोबर फाटक बंद केले आहे. ओझे कुणाचे जड? पहिल्याचे. 454 करार कुणाला? दुसऱ्याला. पहिल्याची जमीन 640 एकर भरत नाही. आणि भरली असती तरी त्याच्याकडे सौदा करायला काही नाही, कारण त्याने जे द्यायचे ते आधीच फुकट देऊन ठेवले आहे! जो चांगुलपणाने वागला त्याला काहीच नाही, ज्याने अडवले त्याला बक्षीस. ही दोन माणसे आम्ही उदाहरणासाठी उभी केली आहेत, पण नियमाची रचना अशीच आहे. मग असा नियम पाच-दहा वर्षे चालला की पहिला मालक काय शिकेल? कुलूप विकत आणायला शिकेल.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मोंटानातली काही सरकारी जमीन अशी आहे की तिच्याकडे जाणारी वाटच नाही. चारही बाजूंनी खासगी जमीन. अशा ठिकाणी फाटक केवळ मालकाची जमीन अडवत नाही, लोकांची जमीनही अडवते. तिथे 'प्रवेश दिला' हे शब्द वापरताना जरा अडखळायला हवे.

आणि त्या तिघांपैकी एक शिकारी मालकाने निवडायचा, या 2021 च्या सवलतीचे काय? लोकांसाठीचा प्रवेश म्हणून तीन मोजायचे आणि त्यातला एक मालकाचा मेहुणा किंवा मित्र असू शकतो. मग लोकांचे खरे किती राहिले? दोन. कागदावरचे प्रमाण एकास तीन. सोडतीच्या तत्त्वाने पाहिले तर दोनास दोन.

या योजनेच्या बाजूने एक मोठी गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. 454 चा परवाना विकता येत नाही. मालक स्वतः, त्याच्या जवळच्या कुटुंबातले कुणी किंवा पूर्णवेळ नोकर, एवढ्यांनाच तो वापरता येतो. हे कुंपण किती मोलाचे आहे ते न्यू मेक्सिकोकडे पाहिले की कळते. तिथे ई-प्लस नावाची पद्धत आहे. मालकाला अधिकारपत्र मिळते, ते तो स्वतः वापरू शकतो, कुणाला देऊ शकतो किंवा विकू शकतो. विकत घेणारा त्यावर परवाना काढतो. काही मालक आपली रँच सर्व परवानाधारकांना खुली करतात आणि त्याबदल्यात त्यांना संपूर्ण विभागात चालणारे अधिकारपत्र मिळते. अशी अधिकारपत्रे हजारो डॉलरना जातात. गंमत म्हणजे त्याच राज्यात सार्वजनिक सोडतीतले 84 टक्के परवाने राज्याच्या रहिवाशांसाठी कायद्याने राखून ठेवलेले आहेत. ई-प्लसची अधिकारपत्रे मात्र त्या वाटणीच्या बाहेर. पुढच्या दाराने रहिवाशांचा मान ठेवायचा आणि बाजूच्या दाराने खिशाचा! कोलोरॅडोत तर मोठ्या रँचसाठीच्या योजनेत शिरायला किमान 12,000 एकर लागतात. 1671 च्या त्या 100 पौंडांच्या अटीची आठवण इथे कुणाला झाली, तर आम्ही त्याला दोष देणार नाही.

मोंटानाच्या लोकांना हा धोका कळत नाही असे नाही. बाहेरच्या राज्यांतल्या शिकाऱ्यांसाठी सहली विकणाऱ्या व्यावसायिकांना तिथे पूर्वी राखीव परवाने मिळत. सोडतीची चिंता नको. 2010 साली मतदारांनी थेट मतदानाने ती राखीव वाट बंद केली. म्हणजे पैशाने रांग मोडलेली त्यांनी नाकारली. जमिनीने रांग मोडलेली मात्र चालू आहे. पैसा आणि जमीन यांत नैतिक फरक आहे तो ओझ्याचा. जमीन ओझे वाहते, पैसा वाहत नाही. म्हणूनच आम्ही पुन्हा पुन्हा ओझ्याकडे येतो. परवाना ओझ्याशी जोडला तर फरक टिकतो. एकरांशी आणि कुलपाशी जोडला तर जमीन म्हणजे पैशाचेच दुसरे रूप उरते.

आता एक क्षण आपल्याकडे. आपल्या कायद्याच्या 39 व्या कलमाने वन्यप्राणी सरकारची मालमत्ता ठरवले आहेत. विदर्भातला शेतकरी रोही आणि रानडुकरे हाकायला रात्री मचाणावर बसतो, कोकणातला माकडांपुढे हात टेकतो. जनावर लोकांचे, ओझे एकट्याचे. गणिताचे हे अर्धे पान मोंटानासारखेच आहे. उरलेले अर्धे उलटे आहे. आपल्या शेतकऱ्याच्या फाटकामागे कुणाला हवे असे काहीही नाही. त्यामुळे त्याच्याशी सौदा करायला कुणी येत नाही. तो अर्ज करतो, पंचनाम्याची वाट बघतो. ओझे तेच, ताकद नाही. म्हणून किंमतही नाही. हे शेजारी ठेवून पाहिले की मोंटानातला व्यवहार ओझ्याचा नसून ताकदीचा आहे, हे अधिक स्पष्ट दिसते. ओझ्यालाच किंमत असती, तर दोन्हीकडे ती सारख्याच तत्परतेने चुकती झाली असती.

मग काय, ही योजना मोडीत काढावी? आम्ही तसे म्हणत नाही. करारामुळे जे शिकारी आत गेले त्यांचा फायदा खरा आहे, आणि फाटक कधीच उघडणार नाही अशी काही ठिकाणे आहेत. टीका करणाऱ्याने पर्याय सांगितला पाहिजे, तो चार वाक्यांत सांगतो. पहिले, ओझे मोजा : किती एल्क, किती महिने, किती गवत, आणि त्याची भरपाई पैशात करा, जमीन 500 एकर असो वा 50,000. दुसरे, ज्यांची फाटके आजवर उघडी आहेत त्यांचा हक्क पहिला. उघड्या फाटकाला बंद फाटकापेक्षा कधीही कमी मिळता कामा नये. तिसरे, खास परवाना द्यायचाच तर तो अपवाद म्हणून, न विकता येणारा, आणि आत जाणारा प्रत्येक सार्वजनिक शिकारी राज्याच्या सोडतीतूनच. चौथे, प्रत्येक करार उघडपणे प्रसिद्ध करा : परवाने किती दिले, शिकारी किती आत गेले, त्यांनी नर मारला की मादी. कारण मालकाला मोठा नर आणि लोकांना तीन माद्या, असाही 'तीनास एक' होऊ शकतो, आणि आकड्यांत तो शोभून दिसतो.

शेवटी तत्त्वाचे एकच सांगून थांबू. सार्वजनिक वस्तू सांभाळताना राज्याला खासगी माणसांशी देवाणघेवाण करावी लागते. त्यात वावगे काही नाही. मुंबईत बिल्डर काही घरे म्हाडाच्या सोडतीला देतो आणि जादा चटईक्षेत्र घेतो, तेही याच जातीचे. पण जादा मजल्याने झाकले जाणारे ऊन बिल्डरचेही नसते आणि पालिकेचेही नसते. ते शेजारच्या चाळीचे असते. अशा प्रत्येक व्यवहारात आपण तीन प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. जे दिले जात आहे ते मुळात कुणाचे? ज्याला मिळते आहे त्याने खरोखर काय सोसले? आणि ज्याने न मागता आधीच दिले होते, त्याच्या पदरात काय पडले? मोंटानाचा कायदा पहिल्या प्रश्नावर अडखळतो, दुसऱ्यावर अर्धवट उत्तर देतो आणि तिसऱ्यावर गप्प बसतो. तो तिसरा माणूस, ज्याने कधी कुलूप लावलेच नाही, कुठल्याही करारात दिसत नाही. लोकांची मालमत्ता खरे तर त्याच्यासारख्यांच्या भरवशावर आजवर लोकांची राहिली आहे.

आपले प्रश्न असतील तर आता घेऊ.